नंदा, भिंत हिशोबात धरायची का?

नंदा, तुझं तेरावं झालं त्या दुपारी प्रकाशरावांनी मला तुझ्या कामाच्या टेबलाशी नेऊन बसवलं आणि म्हणाले, यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, ते तुम्हीच सांगा. नवरा म्हणून तुझ्या सगळ्या गोष्टी त्यांना ठाऊक, पण तुझ्या ड्रॉइंगांच्या गुंडाळ्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता. आत्ता काही काढू नका, एवढंच मी म्हणाले, चहा घेतला आणि जळगावची बस धरली. पारोळ्यापर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत आले. शेजारच्या बाईंना वाटलं मी काही पुटपुटतेय. त्यांनी खिडकीची जागा देऊ केली.

पेपरात तुझ्याविषयी छापून आलं ते बरोबरच होतं. धुळ्यातल्या जुन्या स्ट्रक्चरल इंजिनियर, अमुक इमारती, तमुक पूल. पण त्यात तू नव्हतीस. तू किती भांडकुदळ होतीस हे कोणी लिहिलं नाही. आणि त्या भांडकुदळपणाचं माझ्यावर केवढं ऋण आहे, ते तर माझ्याशिवाय कोणाला माहीतही नाही.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी चाळीसगावच्या कापड दुकानदाराची मुलगी, घरी मारवाडी बोलणारी, जैन घरातली, कांदा-लसूणसुद्धा न खाणारी. तू साक्रीकडच्या खेड्यातली, राग आला की सरळ अहिराणीवर येणारी. वर्गात मुली मोजक्याच, म्हणून आपल्याला प्रयोगशाळेत एकाच गटात टाकलं. त्या दिवशी सरांनी काँक्रीटच्या दोन छोट्या चौकटी करून ठेवल्या होत्या, दोन खांब आणि वर एक आडवी तुळई अशा. एक मोकळी, दुसरीत विटांची भिंत बांधलेली. दोन्हींना बाजूने दाब द्यायचा आणि कोणती किती सोसते ते बघायचं. मोकळी चौकट हळूहळू वाकली, करकरली, बऱ्याच वेळाने मोडली. भिंतीच्या चौकटीने त्याच्या कितीतरी पट दाब सोसला. हलायला तयार नव्हती. मग अचानक, काही न कळवता, फुटली. विटेचा एक तुकडा माझ्या चपलेजवळ येऊन पडला.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, बघितलंस, भिंत किती काम करते. मी म्हणाले, बघितलं, भिंत कसा दगा देते. एकच प्रयोग, आणि त्यातून आपण दोघींनी दोन वेगळे धडे घेतले. पुढची सगळी वर्षं आपण तेच दोन धडे एकमेकींना शिकवत राहिलो.

हे वाचणाऱ्या कोणाला आपलं भांडण कळायचं नाही, म्हणून सांगते. उंच इमारतीचं डिझाइन करताना आमच्या धंद्यात साधारण असं धरतात की भार वाहतात ते कॉलम, बीम आणि स्लॅब. मधल्या विटांच्या भिंती म्हणजे नुसतं वजन. आडोसा म्हणून बांधलेल्या. माझं म्हणणं, हेच बरोबर. जी भिंत उद्या कोणी सुतार आणून कपाटासाठी फोडेल, तिच्या भरवशावर माणसं झोपवायची नाहीत. तुझं म्हणणं, तू धर नाहीतर नको धरू, भिंत तिथे आहे. चौकटीत घट्ट बसली की ती तिरकी टेकण होऊन ढकलणारच. कधी चांगलं करील, कधी वाईट, पण करीलच. तिच्याकडे न बघता केलेला हिशोब म्हणजे ज्या घरात कोणी राहत नाही त्या घराचा हिशोब.

मी जळगावात ऑफिस टाकलं, तू धुळ्यात. लग्नं झाली, मुलं झाली. आपापली मोठी डिझाइनं एकमेकींना तपासायला द्यायची, ही पद्धत मात्र आपण सोडली नाही. तुझ्याकडून परत आलेल्या माझ्या ड्रॉइंगवर लाल पेनाने इतकं लिहिलेलं असायचं की ऑफिसातली मुलं हसायची. मीही तुझ्यावर सूड उगवायचे. पण एकदाही असं झालं नाही की तू तपासून दिलेल्या इमारतीबद्दल मला धाकधूक वाटली. कोणीतरी आपल्याआधी सगळ्यात वाईट कल्पना करून ठेवली आहे, हे माहीत असलं की झोप छान लागते. ही झोप मला इतकी वर्षं तू दिलीस, आणि तुला त्याचा पत्ता नव्हता.

जळगावच्या महामार्गाकडच्या त्या अकरा मजली इमारतीचं डिझाइन माझं. खाली मोकळं पार्किंग, वर घरं. मी ड्रॉइंगमध्ये लिहिलं होतं की भिंतीचा माथा आणि वरचा बीम यांच्यात थोडी फट ठेवायची आणि ती मऊ पट्टीने भरायची, म्हणजे चौकट हलली तरी भिंत मध्ये येणार नाही. तू साइटवर आलीस आणि म्हणालीस, फट नको, मसाला घट्ट ठासून भर. आपण पूर्ण दुपार तिथे उन्हात भांडलो. मी म्हणाले, वरचे मजले भिंतींनी ताठ केलेस आणि खाली पार्किंग मोकळं ठेवलंस, तर भूकंपात सगळा हेलकावा पार्किंगच्या कॉलमांवर येईल. तू अहिराणीवर येत म्हणालीस, ते खरं शे, मग ते कॉलम जाड कर, भिंतीला का शिक्षा? शेवटी सौदा झाला. बाहेरच्या भिंती तुझ्या पद्धतीने ठासून, आतल्या माझ्या पद्धतीने फट ठेवून, आणि पार्किंगचे कॉलम जाड. मिस्त्री दोन्ही बाजूंना मान डोलावून कंटाळला होता. जाताना तू त्याला बजावलंस, ही बाई गेल्यावर फट ठेवू नको हं. मी पाच पावलांवर उभी होते.

लोक राहायला आले. काही वर्षं काहीच झालं नाही, आणि इमारतीबाबत काही न होणं हेच आपल्या कामाचं यश असतं.

मग त्या सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. महामार्गावरून वळलेल्या भरलेल्या ट्रकचा ब्रेक लागला नाही आणि तो कुंपण तोडून पार्किंगमध्ये घुसला. ड्रायव्हर वाचला. पण रस्त्याकडच्या बाहेरच्या ओळीतला मधला कॉलम गेला. ‘गेला’ म्हणजे काय, ते मी पोचल्यावर बघितलं. काँक्रीटचा चुरा खाली पडला होता, सळ्या वाकून बाहेर आल्या होत्या आणि मधून पलीकडचं कुंपण दिसत होतं. वर अकरा मजले.

मी तुला फोन केला. तू योगायोगाने दुसऱ्या कामासाठी जळगावलाच निघालेली, एरंडोलच्या पुढे आली होतीस. मी सांगत होते, तू मध्येच थांबवलंस. बाकी नंतर सांग, म्हणालीस, आधी वरच्या भिंतींकडे बघ. माणसं काढ आणि भिंतींकडे बघ.

माणसं निघतच होती. पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या कॉलमच्या वर, बोदवडच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना अक्का म्हणायची. त्या खाली येऊन शांत उभ्या होत्या, हातात दुधाचं पातेलं तसंच. मी त्यांना विचारून त्यांच्या घराच्या दारातून आत डोकावले. रस्त्याकडच्या भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग गेली होती, गिलाव्याचे पापुद्रे सुटले होते आणि एका जागी भिंत थोडी फुगली होती. अकरा मजल्यांत तिच्याइतकं भयानक काही दिसत नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायची राहून गेलेली आहे. तू येईपर्यंतचा तो वेळ मी खूप घाबरले होते, नंदा. लोकांना दिसलं नाही. मी सूचना देत होते, टेकू मागवत होते, क्रेनवाल्याशी बोलत होते. पण माझ्या हिशोबाप्रमाणे त्या कॉलमशिवाय वरचा बीम तेवढा भार दुप्पट अंतरावर पेलू शकत नव्हता. तो खाली यायला हवा होता. इमारत उभी होती आणि माझ्या कागदावर ती उभी राहण्याचं काही कारण नव्हतं. असल्या उभं राहण्यावर किती वेळ विश्वास ठेवायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

बचावकार्यावर जे अधिकारी आले होते ते अनुभवी आणि सरळ माणूस होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खाली टेकू लावायला माणसं घालायची तर वरची ती फुगलेली भिंत त्यांच्या अंगावर पडेल. म्हणून आधी भिंत उतरवून घ्या, मग टेकू लावा. त्यांची दोन माणसं घण घेऊन जिन्याशी उभी होती. अक्काही म्हणाल्या, ‘माझी भिंत पाडा हो खुशाल, पण तिच्याखाली कोणाचं पोरगं घालू नका.’ मी म्हणाले, थोडं थांबा. कारण विचारलं तर मी म्हणाले, माझी मैत्रीण येतेय. हे काही कारण नव्हतं, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थांबले.

तू आलीस. गाडीतून उतरून तू मोडलेल्या कॉलमकडे बघितलंसुद्धा नाहीस. रस्त्यापलीकडे जाऊन तू इमारतीच्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग मला जवळ बोलावून बोटाने दाखवलंस. पहिल्या मजल्यावर भेगा मोठ्या, दुसऱ्यावर कमी, तिसऱ्यावर बारीक, चौथ्यावर नाहीतच. मोडलेल्या कॉलमच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवरच्या भेगा एकमेकींकडे झुकलेल्या, घराच्या छपरासारख्या. जिथे मोठ्या खिडक्या होत्या तिथे भिंत जास्त चिरडलेली, जिथे भरीव होती तिथे कमी. तू म्हणालीस, बघ भार कसा चाललाय. कॉलमवरून खाली जायचा तो आता भिंतींतून तिरका होऊन शेजारच्या दोन कॉलमांवर चाललाय. त्या क्षणी मला तो दिसला. काय चाललंय हे कळलं की भीती जात नाही, पण हात चालायला लागतात.

मग तू त्या अधिकाऱ्यांकडे गेलीस. घण घेतलेली माणसं जिना चढायच्या तयारीत होती. तू जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिलीस. तुझा आवाज चढला नव्हता. पण तू अहिराणीत बोललीस, म्हणजे तू किती घाबरलेली होतीस ते फक्त मला कळलं.

‘भितले हात लावू नका, भाऊ. तीच बठ्ठं धरी राहिनी.’

भिंतीला हात लावू नका, तिनेच सगळं धरून ठेवलंय. ते अधिकारी शिरपूरकडचे निघाले. त्यांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी विचारलं, ही फुटकी भिंत? तू म्हणालीस, फुटली म्हणून तर कळलं की ती काम करतेय. आधी टेकू लावू, भार टेकूवर घेऊ, मग तुम्ही म्हणाल तेव्हा ती पाडू. त्यांनी विचारलं, आणि माझी माणसं? तू माझ्याकडे बघितलंस.

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. टेकू मोडक्या कॉलमपाशी सुरू करायचे नाहीत. दोन्ही बाजूंच्या धड कॉलमांपासून सुरू करून आत सरकत यायचं, म्हणजे माणूस कायम धड भागाखाली राहील. शेवटच्या टप्प्यासाठी बाहेरून भक्कम फळ्यांचं छप्पर पुढे करायचं आणि त्याच्या आडून जॅक बसवायचे. किती टेकू, कुठे, किती भाराचे, हे मी तिथेच पार्किंगच्या फरशीवर खडूने आखलं. तू वर भिंतीपाशी काचेच्या पट्ट्या भेगांवर चिकटवून बसलीस. भेग वाढली तर काच तडकणार. आणि तू खाली ओरडून सांगणार. काच तडकली नाही. एकदा तू काहीतरी म्हणालीस आणि सगळे थिजले. तू पाणी मागत होतीस.

संध्याकाळपर्यंत भार टेकूंवर आला. अधिकाऱ्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि तुला विचारलं, आता पाडू का भिंत? तू म्हणालीस, आता ती तुमची.

समोरच्या बंगल्यातल्या लोकांनी अक्कांना आणि आपल्याला घरी नेलं. अक्कांनी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. माझ्यासाठी वेगळं, बिनलसणाचं. तू जेवता जेवता सोफ्यावर झोपलीस. अक्कांनी तुझ्या हातातला घास काढून घेतला आणि अंगावर चादर घातली. मला तेव्हा तुला काहीतरी सांगायचं होतं. तू झोपली होतीस. नंतर आपण कामाला लागलो आणि ते मागे पडलं.

तू जिंकली होतीस, आणि ते मी लगेच कबूलही केलं. पण तूच ऐकेनास. आतल्या भिंती बघून आलीस आणि म्हणालीस, तुझ्या फटीच्या भिंतींना चरासुद्धा नाही, लोकांची कपाटं जागच्या जागी आहेत. पुढे म्हणालीस, ट्रकच्या जागी भूकंप असता, तर माझ्या याच ताठ भिंतींनी पार्किंगचे कॉलम दाबून मारले असते. तुझे जाड कॉलम होते म्हणून शेजारच्या दोघांनी तरी एवढा भार झेलला. मी थक्क झाले. आयुष्यभराच्या भांडणात हातात आलेला विजय कोणी असा परत करतं का?

कॉलम नवा ओतला, भिंत नवी बांधली. पार्किंगच्या कोपऱ्यांत काँक्रीटच्या भिंती घालायला आपण सोसायटीला सांगितलं, तेव्हा काही गाड्यांची जागा जाणार म्हणून अशी सभा झाली की ट्रक परवडला. लोक म्हणाले, इमारत पडली नाही ना, मग आता कशाला? तू चिडली नाहीस. तू त्यांना साध्या भाषेत सांगितलंस की इमारत एकदा वाचली म्हणजे तिला वाचायची सवय लागली असं नसतं. ठराव झाला. आज त्या भिंती तिथे आहेत. तिथली पोरं त्यांच्यावर चेंडू मारून खेळतात.

तुझं दुखणं निघालं तेव्हा माझ्याकडे धुळ्यातल्याच एका चौदा मजली इमारतीचं काम आलं होतं. तुझ्या गावात, तुझ्या नाकाखाली. मी दर आठवड्याला येत होते, निमित्त साइटचं. तू पलंगावर उशीला टेकून ड्रॉइंग बघायचीस. पेन धरवत नव्हतं, म्हणून तोंडी सांगायचीस आणि लाल पेनाने मी लिहायचे. माझ्याच ड्रॉइंगवर माझ्याच हाताने. प्रकाशराव म्हणायचे, अहो, तिला थोडं पडू द्या. तू म्हणायचीस, पडूनच तर आहे.

तुझं म्हणणं आता आणखी पुढे गेलं होतं. भिंतीचं बळ सरळ हिशोबात घे, नाव देऊन, आकडा देऊन. मी म्हणाले, उद्या कोणी फोडली तर? हे आपलं शेवटचं बोलणं, फोनवरचं. तुझा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, ‘मग लोकांना सांग ना, ज्योती. त्यांच्या घरात काय उभं आहे ते त्यांना सांगतच नाही आपण.’ मी काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर आले आणि प्रकाशरावांनी फोन ठेवला. मी बोलणार होते ते फार काही नव्हतं. वाद घालणार होते बहुतेक. बरं झालं, ते शेवटचं ठरलं नाही.

तुझे आभार कसे मानायचे, हे मला येत नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती. त्या सकाळी जिन्याच्या पायरीवर उभी राहिलीस त्याचे मानू, की विजय परत केलास त्याचे? की कॉलेजच्या त्या दिवसापासून मला एकदाही, जाऊ दे, तुझंच बरोबर, असं म्हणून सोडून दिलं नाहीस, त्याचे? लोक प्रेमाने सोडून देतात. तू प्रेमाने सोडलं नाहीस.

धुळ्याच्या इमारतीचं ड्रॉइंग या आठवड्यात पूर्ण केलं. रोजचा भार आणि भूकंप, याला चौकट एकटी पुरेल अशी ठेवली आहे. भिंतींच्या ताठपणामुळे पार्किंगवर जो जोर येतो तो पूर्ण धरला आहे. आणि एखादा कॉलम गेला तर माणसं उतरेपर्यंत इमारत उभी राहील का, एवढ्या एकाच प्रश्नासाठी बाहेरच्या भिंतींचं बळ हिशोबात घेतलं आहे. तेही निम्मंच. म्हणजे भिंतीचा अपाय पूर्ण मोजला आणि उपकार अर्धा. त्या भिंती सळ्यांनी चौकटीला बांधल्या आहेत आणि घराची किल्ली देताना प्रत्येकाला सांगायचं ठरलं आहे की ही भिंत तुमची एकट्याची नाही. बिल्डर कुरकुरला. मी तुझ्यासारखी पायरीवर उभी राहिले नाही, खुर्चीवरच बसून राहिले, पण तो हो म्हणेपर्यंत उठले नाही.

अर्धाच का, असं तू विचारणार. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे आणि ते चांगलं आहे. ते ऐकून तू गप्प बसली नसतीस, एवढंही मला ठाऊक आहे. पण पुढे तू काय म्हणाली असतीस, ते मला काही केल्या सुचत नाही, नंदा.